निमखाऱ्या पाण्यातील पफर माशासाठी सोबती कसे निवडावेत : खान्देशातील नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

खान्देशातील अ‍ॅक्वेरियमच्या दुकानांत ‘ग्रीन पफर’ या नावाने जो बोटाच्या पेराएवढा, हिरवट-पिवळ्या पाठीवर गोल काळे ठिपके असलेला मासा मिळतो, तो बहुतेक वेळा गोड्या पाण्याच्या टाकीत ठेवलेला असतो; आणि “भाऊ, हा कशातही राहतो, गप्पींबरोबर सोडा” असा सल्लाही त्याच्याबरोबर फुकट मिळतो. या सल्ल्याचे दोन्ही भाग चुकीचे आहेत. हा मासा नदी समुद्राला मिळते त्या भागातल्या, म्हणजे निमखाऱ्या पाण्यातला आहे, आणि गप्पीची झुपकेदार शेपटी त्याला कुरतडण्याजोगी वस्तू म्हणूनच दिसते. आपली तापी मुलताईहून निघून, खान्देश ओलांडून, सुरतेपलीकडे अरबी समुद्राला मिळते. भुसावळला किंवा प्रकाशा येथे तिचे पाणी गोडे असते. मुखाशी मात्र भरती-ओहोटीबरोबर पाण्याचा खारेपणा दिवसातून दोनदा वरखाली होतो. तसले पाणी घरातल्या काचेच्या टाकीत तयार करणे आणि ते वर्षभर सांभाळणे, हे पफर पाळण्यातील खरे काम आहे.

सोबती निवडण्याचा प्रश्न या कामानंतर येतो. कोणता पफर आहे, त्याला किती मीठ लागते आणि आपल्याकडे किती लिटर पाणी आहे, ही तीन उत्तरे हाती आली की सोबत्यांच्या यादीतील बहुतेक नावे आपोआप गळून पडतात. उरलेल्या चार-पाच नावांतून निवड करणे फारसे अवघड नसते.

आधी आपला पफर ओळखा

बाजारात तीन-चार प्रकारचे लहान पफर एकाच नावाखाली विकले जातात. हिरवा ठिपक्यांचा पफर, म्हणजे शास्त्रीय नावाने डायकोटोमिक्टेरे निग्रोव्हिरिडिस, पूर्ण वाढल्यावर सुमारे १५ सेंटीमीटरचा होतो. त्याचे ठिपके गोल व सुटे असतात आणि पोट पांढरेशुभ्र असते. फिगर-एट पफरची पाठ तपकिरी असते, तिच्यावर पिवळट-हिरव्या वळणदार रेषांची जाळी असते, तसेच पाठीच्या पराजवळ आणि शेपटीच्या मुळाशी कडी असलेले डोळ्यासारखे ठिपके असतात. हा मासा ७ ते ८ सेंटीमीटरवर थांबतो. सिलोन पफर या नावाचा तिसरा प्रकार भारत, श्रीलंका व बांगलादेशाच्या किनारी भागांत आढळतो. तो हिरव्या पफरसारखाच दिसतो, परंतु त्याचे डाग मोठे, वेडेवाकडे आणि एकमेकांत मिसळलेले असतात. त्याची निगा हिरव्या पफरप्रमाणेच ठेवावी.

चौथा प्रकार म्हणजे केरळच्या नद्यांतला वाटाण्याएवढा पी पफर. तो पूर्णपणे गोड्या पाण्यातला आहे, त्यामुळे हा लेख त्याला लागू पडत नाही आणि त्याच्या टाकीत मीठ घालू नये. दुकानात हे प्रकार एकाच टाकीत मिसळलेले दिसले तर घाई करू नये. मोबाइलवर पाठीचे आणि बाजूचे छायाचित्र घेऊन घरी शांतपणे ताडून पाहावे आणि मगच मासा विकत घ्यावा.

मिठाचे गणित

पाण्याचा खारेपणा विशिष्ट गुरुत्वाने मोजतात. गोड्या पाण्याचे विशिष्ट गुरुत्व १.०००, तर समुद्राच्या पाण्याचे सुमारे १.०२५ असते. फिगर-एट पफरला आयुष्यभर १.००५ ते १.००८ इतके पाणी मानवते. हिरवा पफर लहान असताना १.००५ ते १.००८ मध्ये राहतो, परंतु वाढत्या वयाबरोबर त्याला अधिक खारेपणा लागतो. पूर्ण वाढलेल्या माशासाठी १.०१० ते १.०१५ ठेवतात, आणि अनेक अनुभवी मंडळी त्याला पुढे जवळजवळ समुद्राच्या पाण्यावरही नेतात. सोबती निवडताना हा फरक निर्णायक ठरतो. आज १.००५ मध्ये पफरबरोबर मजेत असलेला मासा दोन वर्षांनी १.०१५ मध्ये टिकेल का, हे आजच विचारात घ्यावे लागते.

मीठ मात्र मरीन सॉल्टच हवे. किराणा दुकानातले मीठ, खडे मीठ किंवा गोड्या पाण्यातील माशांच्या आजारासाठी मिळणारे अ‍ॅक्वेरियम सॉल्ट हे जवळजवळ निव्वळ सोडियम क्लोराइड असते. पफरला लागणारे कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि पाण्याचा सामू (पीएच) ७.८ ते ८.४ च्या दरम्यान स्थिर ठेवणारे क्षार त्यातून मिळत नाहीत. साधारण हिशेब असा : १.००५ साठी लिटरमागे ८ ते ९ ग्रॅम, १.०१० साठी १५ ते १६ ग्रॅम मरीन सॉल्ट लागते. म्हणजे २०० लिटरची टाकी १.०१० वर असेल आणि दर आठवड्याला पाव पाणी बदलायचे असेल, तर प्रत्येक वेळी ५० लिटर पाण्यात सुमारे पाऊण किलो मीठ जाईल. हे मीठ खान्देशात सगळीकडे मिळतेच असे नाही. बरेचदा ते मुंबई-पुण्याहून मागवावे लागते. मोठ्या टाकीचे आणि मोठ्या सोबत्यांचे स्वप्न पाहण्याआधी हा महिन्याचा खर्च कागदावर मांडावा. मीठ नेहमी बादलीत क्लोरीन काढलेल्या पाण्यात पूर्ण विरघळवून, मोजून, मग टाकीत घालावे. मासे असलेल्या टाकीत कोरडे मीठ टाकू नये.

मोजण्याच्या साधनाबाबत येथे एक इशारा आवश्यक आहे, कारण तो आपल्या भागात विशेष महत्त्वाचा आहे. स्वस्त हायड्रोमीटर साधारणपणे २५ अंश तापमानासाठी आखलेला असतो. पाणी तापले की त्याची घनता कमी होते, आणि ३२ अंशांच्या पाण्यात तोच हायड्रोमीटर सुमारे ०.००२ ने कमी आकडा दाखवतो. मे महिन्यात १.००६ वाचून ‘मीठ कमी झाले’ असे समजून आणखी मीठ घालणारा माणूस प्रत्यक्षात १.००८ च्या पाण्याला १.०१० करून ठेवतो, आणि मग टाकीतले सोबती का आजारी पडले हे त्याला कळत नाही. शक्य असल्यास तापमानाची दुरुस्ती करणारा रिफ्रॅक्टोमीटर घ्यावा. ते जमत नसेल तर मोजायचे पाणी भांड्यात काढून ते २५ अंशांजवळ येईपर्यंत थांबावे आणि मग मोजावे.

किती पाणी, तितके मासे

एका फिगर-एट पफरसाठी दोन फूट लांब, सव्वा फूट रुंद आणि सव्वा फूट उंच टाकी चांगली. तिच्यात सुमारे ८५ लिटर पाणी मावते, आणि खडक-वाळू धरून ७५ लिटर उरते. एका हिरव्या पफरसाठी तीन फूट लांब आणि दीड-दीड फूट रुंद व उंच, म्हणजे सुमारे १९० लिटरची टाकी हे दीर्घकाळासाठीचे योग्य माप आहे. ही मापे एकट्या माशाची आहेत. सोबती ठेवायचे असतील तर टाकी याहून मोठी घ्यावी लागते. दुकानात सर्रास विकली जाणारी दोन फूट बाय एक फूट बाय एक फूट टाकी, जिच्यात जेमतेम ५५ लिटर पाणी मावते, ती पफर आणि सोबती यांच्यासाठी नाहीच.

एकटा पफर ही तडजोड नव्हे

नवशिक्याने पहिल्या वर्षी पफर एकटाच ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. पफर थव्यात राहणारा मासा नाही आणि एकटेपणाने तो खंगत नाही. त्याचे डोळे स्वतंत्रपणे फिरतात, तो काचेबाहेरच्या माणसाकडे पाहतो, खायला देणारा हात थोड्याच दिवसांत ओळखतो. ज्याला टाकीत चहलपहल हवी आहे त्याला हा एकच मासा पुरेशी देतो. शिवाय पफरचा स्वभाव आधी सांगता येत नाही. एकाच दिवशी एकाच टाकीतून आणलेल्या दोन हिरव्या पफरपैकी एक वर्षभर कुणाला त्रास देत नाही, आणि दुसरा तिसऱ्या दिवशी प्रत्येक शेपटीला अर्धचंद्राकृती खाच पाडून ठेवतो. पहिले वर्ष एकट्याने गेले की आपल्या पफरचा स्वभाव कळतो, पाण्यावर हात बसतो, आणि मग सोबती घ्यावा की नाही हे अनुभवावरून ठरवता येते.

त्याच्या जबड्यातील चार दात जुळून चोच बनलेली असते, आणि ही चोच आयुष्यभर वाढत राहते. गोगलगायीचे कवच फोडणारी ही चोच आहे. मऊ पर ती सहज कापते. म्हणून सोबत्याच्या अंगी वेग, आखूड पर आणि खारेपणा सोसण्याची ताकद हे तीन गुण असायलाच हवेत. यांपैकी एकही कमी असेल तर तो मासा यादीतून काढून टाकावा.

फिगर-एट पफरसोबत काय चालेल

बंबलबी गोबी हा पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचा, तीन-चार सेंटीमीटरचा तळाशी बसणारा मासा फिगर-एटसाठी सर्वाधिक वेळा सुचवला जातो, आणि ते रास्त आहे. तो लहान असला तरी चपळ असतो, खडकाच्या फटीत चटकन शिरतो आणि १.००५ च्या पाण्यात तब्येतीने राहतो. सहा-सात गोबी एकत्र ठेवावेत, म्हणजे त्यांच्या आपापसातल्या लहानसहान चकमकी एकाच माशावर येत नाहीत. त्यांची खरी अडचण पफरचा दात नसून पफरची भूक आहे. बंबलबी गोबी कोरडे खाद्य सहसा खात नाही. त्याला जिवंत किंवा गोठवलेले बारीक खाद्य, उदाहरणार्थ आर्टेमिया, लागते, आणि ते तो हळूहळू, एकेक कण निवडून खातो. तोवर पफर सगळे फस्त करून मोकळा होतो. यावर उपाय म्हणजे आधी एका कोपऱ्यात पफरला झिंग्याचा मोठा तुकडा द्यावा, आणि तो त्यात गुंतलेला असताना दुसऱ्या टोकाला, तळाशी, लांब ड्रॉपरने गोबींसाठी आर्टेमिया सोडावा. हे रोज करण्याची तयारी नसेल तर गोबी घेऊ नयेत, कारण ते चावून मरत नाहीत, उपाशी मरतात, आणि पोट आत गेलेले दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो.

नाइट गोबी हा आठ-नऊ सेंटीमीटरचा, राखी अंगावर काळे ठिपके असलेला मासा भारताच्या किनारी पाण्यातही सापडतो. तो दणकट आहे आणि फिगर-एटला पुरून उरतो. मात्र बंबलबी गोबी त्याच्या तोंडात मावतात, म्हणून दोन्ही गोबी एकत्र ठेवू नयेत. त्याला तळाशी स्वतःची कपार लागते, तेव्हा टाकी किमान तीन फुटांची असावी.

मोली हा मासा खान्देशातल्या कोणत्याही दुकानात मिळतो आणि गोड्या पाण्यातून निमखाऱ्या पाण्यात, पुढे अगदी समुद्राच्या पाण्यातही, सावकाश नेता येतो. आखूड परांच्या साध्या काळ्या किंवा चंदेरी मोली घ्याव्यात; लांब शेपटीच्या, फुग्यासारख्या पोटाच्या बलून मोली घेऊ नयेत, कारण त्यांना पळता येत नाही. एका नरामागे दोन-तीन माद्या ठेवाव्यात. मोलीची पिल्ले पफर खाणार हे गृहीत धरावे. मोलींची बेसुमार संख्या त्यामुळे आटोक्यात राहते.

ऑरेंज क्रोमाइड हा आठ सेंटीमीटरचा नारिंगी मासा दक्षिण भारत व श्रीलंकेच्या पाण्यातला आहे, आणि तोही १.००५ च्या आसपास चालतो. त्याच्याबाबत एवढेच लक्षात ठेवावे की जोडीने अंडी घातली की ती जोडी टाकीचा अर्धा भाग आपला समजते, आणि मग त्रास पफरलाच होतो.

हिरव्या पफरसोबत काय चालेल

येथे यादी आखडते आणि टाकी मोठी होते. हिरव्या पफरबरोबर वयानुसार खारेपणा वाढवत नेता येतील असे मासे म्हणजे मोनो, स्कॅट आणि आर्चर. मोनो हा चंदेरी, चपट्या शंकरपाळीच्या आकाराचा मासा थव्यात राहतो, त्यामुळे चार-पाच तरी घ्यावे लागतात, आणि प्रत्येक मासा टाकीतही १५ सेंटीमीटरच्या पुढे जातो. स्कॅट हा ठिपकेदार, खादाड आणि सतत घाण करणारा मासा आहे; तो घरच्या मोठ्या टाकीत २० सेंटीमीटर सहज ओलांडतो, आणि त्याच्या पाठीवरचे काटे विषारी असल्यामुळे त्याला उघड्या हाताने पकडू नये. आर्चर हा पाण्याची पिचकारी मारून किडे पाडणारा मासा वरच्या थरात राहतो, म्हणून पफरच्या मार्गात फारसा येत नाही. मात्र त्यालाही वाढल्यावर मोठी, वरून रिकामी जागा असलेली टाकी लागते. हे तिन्ही मासे पफरपेक्षा मोठे आणि वेगवान असल्यामुळे त्यांना चावणे पफरला अवघड जाते, आणि तेच त्यांचे संरक्षण आहे.

परंतु मोनो किंवा स्कॅटसाठी चार फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच, म्हणजे सुमारे ४५० लिटरची टाकी ही सुरुवात समजावी, शेवट नव्हे. एवढ्या पाण्याचा पाव हिस्सा दर आठवड्याला बदलायचा म्हणजे ११० लिटर पाणी आणि, १.०१० धरल्यास, पावणेदोन किलो मीठ. ज्या गावात नळाला दिवसाआड किंवा त्याहून उशिरा पाणी येते, तिथे घरच्यांशी हा हिशेब आधी बोलून घ्यावा. कोणी मला विचारले तर हिरव्या पफरसाठी, खान्देशात, पहिल्या टाकीत, मी मोनो-स्कॅट सुचवत नाही. पहिल्या वर्षानंतर, पफर लहान आणि शांत असेपर्यंत, साडेतीन फुटांच्या टाकीत चार-पाच धडधाकट मोली ठेवून पाहाव्यात, आणि त्या कुरतडल्या जाऊ लागल्या की पफरला एकटे राहू द्यावे, हाच व्यवहार्य मार्ग आहे.

दोन हिरवे पफर एकत्र ठेवण्याचा मोहही टाळावा. लहानपणी ते शेजारी शेजारी पोहतात, पण वाढल्यावर बहुधा एक दुसऱ्याला कोपऱ्यात दाबतो. हिरवा आणि फिगर-एट एकत्र ठेवणे तर दोन्ही बाजूंनी चुकीचे आहे, कारण त्यांचे आकारही जुळत नाहीत आणि खारेपणाही.

दुकानात सुचवले जाणारे, पण न घेण्याचे मासे

काच साफ ठेवायला म्हणून ‘सकर’ हमखास गळ्यात मारला जातो. तो गोड्या पाण्यातला आहे, मीठ सोसत नाही, आणि काचेला चिकटून निश्चल राहत असल्याने पफरला आयताच सापडतो. गोल्डफिश, कोई, एंजल, फायटर, गुरामी आणि गप्पी यांची नावे कोणी घेतली तर विषय तिथेच थांबवावा. ‘शार्क’ या नावाखाली दुकानात जो चंदेरी-करडा मासा असतो तो बहुधा पंगास असतो, म्हणजे गोड्या पाण्यातला आणि नदीत एक मीटरहून मोठा होणारा. निमखाऱ्या पाण्यातील कोलंबियन शार्क कॅटफिश हा वेगळा मासा आहे, आणि तोही ३० सेंटीमीटरच्या पुढे जाऊन लहान सोबत्यांना गिळतो. कोळंबी, झिंगे, खेकडे आणि गोगलगायी पफरला सोबती होत नाहीत. त्या त्याच्या ताटातल्या वस्तू आहेत.

टाकी तयार करणे आणि मासे सोडण्याचा क्रम

पहिली पायरी म्हणजे रिकामी टाकी चालवणे. टाकीत पाणी, फिल्टर, वाळू आणि खडक घालून, अमोनियाचा (माशांच्या घाणीतून तयार होणाऱ्या विषारी द्रव्याचा) थोडा स्रोत देऊन चार ते सहा आठवडे थांबावे, म्हणजे फिल्टरमध्ये अमोनिया पचवणारे उपयुक्त जिवाणू बसतात. टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य, आणि नायट्रेट २० पीपीएमच्या खाली, असे आकडे येईपर्यंत एकही मासा आणू नये. पफर खाताना खूप घाण करतो आणि त्याची त्वचा खवल्यांविना असते, त्यामुळे अमोनियाचा फटका त्याला इतर माशांच्या आधी बसतो. बोअरचे पाणी खान्देशात बहुतेक ठिकाणी जड असते. पफरच्या दृष्टीने ते चांगलेच आहे, मात्र त्यातील नायट्रेट आधी तपासून घ्यावे, कारण शेतीच्या पट्ट्यातील बोअरमध्ये ते मुळातच जास्त असू शकते.

दुसरी पायरी खडकांची मांडणी. टाकीच्या एका टोकापासून दुसरे टोक थेट दिसता कामा नये. मधे उभे खडक, लाकूड किंवा मातीच्या फुटक्या कुंड्या लावून दृष्टी अडवावी, आणि जितके सोबती असतील त्याहून जास्त कपारी ठेवाव्यात. प्रत्येक कपारीला दोन तोंडे असावीत. एकाच तोंडाच्या कपारीत पफर शिरला तर आतला मासा अडकतो.

तिसरी पायरी म्हणजे नवा मासा वेगळ्या टाकीत तीन ते चार आठवडे ठेवणे. बाजारात येणारे पफर बहुधा निसर्गातून पकडलेले असतात आणि त्यांच्या पोटात परजीवी असण्याची शक्यता मोठी असते. खूप खाऊनही बारीक राहणारा पफर हे त्याचे लक्षण आहे. या काळातच त्याच्या पाण्यातील मीठ वाढवावे. दुकानात गोड्या पाण्यात असलेला मासा एकदम १.००८ मध्ये सोडू नये, आठवड्याला ०.००२ या गतीने खारेपणा वाढवावा, म्हणजे मासा आणि फिल्टरमधील जिवाणू दोघांनाही जुळवून घेता येते. मोली किंवा गोबींनाही याच वेगाने न्यावे. तांबे असलेली औषधे पफरच्या पाण्यात वापरू नयेत.

चौथी पायरी सोडण्याच्या क्रमाची. सोबती आधी, पफर नंतर. मोली किंवा गोबी टाकीत आठ-दहा दिवस रुळले, त्यांना कपारी आणि पळवाटा ठाऊक झाल्या, की मग पफर आणावा. पफर आधीपासून टाकीत असेल, म्हणजे पहिले वर्ष एकटा राहिलेला असेल, तर खडकांची जागा बदलून, त्याला पोटभर खायला घालून, संध्याकाळी दिवा मालवल्यावर सोबती सोडावेत. पफरला जाळीने पाण्याबाहेर काढू नये. घाबरून तो हवा गिळून फुगला तर ती हवा बाहेर टाकणे त्याला जड जाते. पाण्याखालीच डब्यात घेऊन, पाण्यासकट हलवावे. आणि पाहुण्यांना दाखवण्यासाठी त्याला फुगवण्याचा खेळ घरातल्या मुलांनी करू नये, हे पहिल्या दिवशीच सांगून ठेवावे.

पहिले पंधरा दिवस रोज सकाळी सर्व सोबत्यांच्या शेपट्या पाहाव्यात. आजाराने झिजलेल्या पराची कड पांढरट आणि फाटकी असते, तर पफरने घेतलेला चावा स्वच्छ, गोलसर, कात्रीने कापल्यासारखा असतो. एखादी खाच ही पफरची नुसती चाचपणी समजावी. एकाच माशावर दोन दिवसांत दुसरी खाच आली, किंवा तो मासा हीटरमागे उभा राहून खायला बाहेर येईनासा झाला, तर त्याच दिवशी त्याला हलवावे. पफरच्याही पोटाकडे लक्ष असावे : हिरव्या पफरचे पांढरे पोट करडे पडणे हे त्याच्यावरील ताणाचे लक्षण आहे, आणि मोठ्या सोबत्यांच्या दडपणाने तसे होऊ शकते.

उपाशी पफर अधिक चावतो, यात शंका नाही. लहान पफरला रोज, मोठ्याला एक दिवसाआड, कवचासकट झिंगे, शिंपले, खेकड्याचे पाय आणि गोगलगायी द्याव्यात. खारवलेली सुकट रोजचे खाद्य म्हणून देऊ नये. गोगलगायींसाठी केळीच्या बागेत किंवा कपाशीच्या शेतात जाऊ नये. तिथल्या फवारणीचे औषध त्यांच्यामार्फत टाकीत येते. घरच्या बादलीत गोड्या पाण्यात रॅम्सहॉर्न गोगलगायी सहज वाढतात. निमखाऱ्या पाण्यात त्या फार काळ तग धरत नाहीत, म्हणून पफर लगेच खाईल तेवढ्याच टाकाव्यात.

एप्रिल ते जून

खान्देशातील उन्हाळा ही सोबत्यांच्या संख्येवरची खरी मर्यादा आहे. बाहेर ४४-४५ अंश असताना पत्र्याच्या किंवा स्लॅबखालच्या वरच्या मजल्यावरील खोलीत टाकीचे पाणी ३२-३३ अंशांवर जाते. गोडे पाणी २५ अंशांना लिटरमागे सुमारे ८.२ मिलिग्रॅम प्राणवायू धरू शकते, ३३ अंशांना तो आकडा ७.२ च्या आसपास येतो, आणि मीठ असलेल्या पाण्यात तो आणखी कमी असतो. त्याच वेळी सामू ८.२ असलेल्या पाण्यातील अमोनियाचा विषारी भाग सुमारे दीडपट होतो. म्हणजे जानेवारीत नीट चाललेली टाकी तेवढ्याच माशांना मे महिन्यात पुरत नाही. सोबत्यांची संख्या मे महिना धरून ठरवावी, आणि नवे मासे नोव्हेंबर ते फेब्रुवारीत आणावेत. कोलकाता किंवा मुंबईहून पिशवीत येणाऱ्या माशांचा प्रवासही त्या दिवसांत सुसह्य होतो.

टाकीचे झाकण काढून, पफर उडी मारणार नाही अशी बारीक जाळी लावून, पाण्यावर छोटा पंखा सोडला तर आपल्या कोरड्या हवेत तापमान दोन-चार अंशांनी उतरते. जुलैत हवा दमट झाली की हा उपाय तितका लागू पडत नाही, पण तेव्हा त्याची गरजही कमी झालेली असते. पंख्याने पाणी मात्र झपाट्याने उडते, आणि उडते ते फक्त पाणी. मीठ टाकीतच राहते. टाकीतील दहावा हिस्सा उडाला की १.०१० चे पाणी १.०११ होते, आणि ते तसेच चार-पाच दिवस चालू दिले तर गोबी-मोलींना ते जाणवू लागते. म्हणून काचेवर पाण्याच्या पातळीची रेघ आखून ठेवावी आणि उडालेले पाणी रोज गोड्या पाण्याने भरावे. मिठाचे पाणी फक्त पाणी बदलताना, मोजून घालावे. वीज जाण्याच्या दिवसांसाठी बॅटरीवर चालणारा एअर पंप जवळ असावा.

वेगळे करण्याची सोय

सोबती आणण्याच्या आधी, त्यांना वेगळे ठेवण्याची जागा तयार असावी. त्यासाठी दुसरी सजवलेली टाकी लागत नाही. ४०-५० लिटरचा प्लॅस्टिकचा टब, एक हीटर, एक एअर पंप आणि एक स्पंज फिल्टर पुरतो. हा स्पंज फिल्टर नेहमी मोठ्या टाकीतच एका कोपऱ्यात चालू ठेवावा, म्हणजे त्यात जिवाणू बसलेले राहतात, आणि गरज पडेल त्या दिवशी तो मोठ्या टाकीच्या पाण्यासकट टबमध्ये नेला की टब लगेच वापरता येतो. कुरतडलेल्या मोलीचे पर स्वच्छ पाण्यात दोन-तीन आठवड्यांत भरून येतात. ती बरी झाल्यावर तिला पुन्हा त्याच पफरजवळ सोडू नये. मोली सावकाश गोड्या पाण्यात परत आणून दुकानात किंवा मित्राला देता येते. पफर किंवा इतर कोणताही मासा विहिरीत, पाटात, मेहरूण तलावात किंवा तापीत सोडू नये.